सात पाण्यांनी धुतलेली कवचं

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. चौगुले सरांवर लिहिण्याइतकी माझी लायकी आहे का, कळत नाही. शिवाय मी त्यांच्याशी खोटं बोललो आहे. तरी लिहितो, माफ करा.

सांगलीच्या कॉलेजात सर भूशास्त्र शिकवायचे. समुद्रतळाच्या गाळातून एकपेशीय जीवांची खसखशीएवढी कवचं ते ओल्या ब्रशच्या टोकानं वेचायचे, श्वास रोखून. "पाणी जितकं गरम, तितकं कवचात मॅग्नेशियम जास्त," ते सांगायचे. "हजारो वर्षांपूर्वी मेलेला जीव त्याच्या समुद्राचं तापमान सांगतोय. आपण मध्ये बोलायचं नाही."

मध्ये बोलणं म्हणजे कवचाला चिकटलेली माती. तिच्यातही मॅग्नेशियम असतं. ती राहिली की समुद्र उगाच गरम दिसतो. म्हणून प्रत्येक नमुना सात पाण्यांनी धुवायचा. सर जैन. दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जाताना मला चिडवायचे, "म्हसवडकर, पाणी जपायची सवय माणदेशात ठेवून ये. इथं सढळ हातानं ओत."

एकदा गावची शेवटची एसटी चुकेल म्हणून मी तीन पाण्यांवर थांबलो. सरांना सात सांगितलं. मोजणीचे आकडे आले, समुद्र फारच गरम निघाला. त्यावर सरांचा लेख जायचा होता. ते बराच वेळ कागद बघत बसले.

"सातच ना रे?"

"हो सर."

लेख गेला नाही. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी सर शिपायापासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांची क्षमा मागत. गेल्या वर्षी माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "उत्तम क्षमा. कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल, तर क्षमा कर." मीही हात जोडले. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी ब्रश धुवायला वळलो.

पुढे मी साताऱ्याला शिकायला आलो. इथं खोलीत कुणी बादलीत पाणी ओतलं, की मी मनात मोजू लागतो. यंदाच्या क्षमावाणीला सांगलीला जाऊन सांगायचंच, असं ठरवलं होतं.

त्याआधीच प्रयोगशाळेतल्या सलीमभाईंचा फोन आला. सर मिरजेच्या दवाखान्यात वारले. मला राहवलं नाही, मी सलीमभाईंना सगळं सांगून टाकलं.

"ठावं हुतं की त्यास्नी. उरलेली कवचं सोता धुऊन परत मोजाय धाडली हुती."

"कधी?"

"गेल्या दशलक्षणाच्या आधीच."