धवल्यातला जनार्दन

शनिवार, दुपार. जागा उल्हासनगर कॅम्प १ मधलं मोहनशेठचं ऑफिस. वादातली रक्कम पंचवीस हजार रुपये. हजर चौघं: शेठचा वकील म्हणून मी, स्वतः मोहनशेठ, बदलापूरच्या धवलारीण तुळसाबाई आणि त्यांची सून वैशाली.

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात विधी चालू असताना धवले गाणारी बाई. वैशालीने सासूच्या धवल्यांचं इंटरनेटवर चॅनल काढलं होतं आणि लग्नांची बोलावणी आता त्यावरूनच येत होती. मोहनशेठची छोटी म्युझिक कंपनी आहे. हळदीची गाणी बीट घालून विकतात. त्यांनी या चॅनलवर कॉपीराइट स्ट्राइक टाकले होते. स्ट्राइक म्हणजे 'माल माझा, यांनी चोरला' अशी तक्रार. असे तीन झाले की चॅनल बंद. एकाच लग्नाचे तीन व्हिडिओ होते, त्यामुळे तिन्ही स्ट्राइक एकदम लागले. सोमवारी चॅनल जाणार होतं.

"पंचवीस हजार लायसन्स फी द्या, आपण स्ट्राइक मागे घेतो," शेठ म्हणाले. "धंदा आहे बाई, दुश्मनी नाही."

"माझाच आवाज नि मीच फी भरू?" तुळसाबाई म्हणाल्या. "मंग जेवताना पन तुम्हाला इचारून तोंड उघडते."

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "वकीलसाहेब, बोला ना. अपना ट्रॅक स्टुडिओ का है. अरेंजरने सही करून दिलंय."

सही होती. गाण्याला बीट लावून देणाऱ्या त्या अरेंजरचा कागद मीच तपासला होता. पण ट्रॅक ऐकला नव्हता, कारण वकिलाला गाणं ऐकायला कोणी लावत नाही. म्हटलं, आधी शेठचा ट्रॅक आणि यांचा व्हिडिओ दोन्ही ऐकू या. शेठने स्पीकर लावला. खाली ढोलकीचा बीट, वर एका बाईचा आवाज. आवाज ओळखीचा वाटला, तरी आवाजावर कोर्टात भांडता येतं. मी शब्द ऐकत होतो. मीही बदलापूरचाच, हेंद्रेपाड्यात राहतो, आजूबाजूच्या हळदी चुकत नाहीत. धवल्यात ज्या घरचं लग्न त्या घरची नावं गुंफतात, बाप, काका, मामा, सगळे क्रमाने. दुसऱ्या घरी गेलं की नावं बदलतात.

मी ट्रॅक थांबवला. "शेठ, हे जनार्दन कोण?"

"कौन जनार्दन?"

"तुमच्या गाण्यात मांडव त्यांच्या दारात आहे. मामा पद्माकर आहेत."

"गाने में है तो होगा कोई. देव-बिव असेल."

तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. "देव कसला? चिखलोलीचा जनार्दन. पोरीच्या लग्नात रुसून बसलेला, म्हनून त्याचं नाव दोनदा घेतलं मी."

वैशालीने मोबाइलवर त्या लग्नात स्वतः काढलेला व्हिडिओ लावला. जनार्दन दोनदा, पद्माकर एकदा, त्याच क्रमाने. दुसऱ्यांदा नाव आलं तिथे मागे पाहुणे हसत होते. ते हसू शेठच्या ट्रॅकवरही ढोलकीखाली ऐकू येत होतं.

शेठने अरेंजरला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो बिनधास्त होता. "लग्नातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून मिळालं, शेठ. फोक है, फ्री है."

फोन ठेवून शेठ मला म्हणाले, "फोकला कॉपीराइट नसतो, तुम्हीच बोलले होते."

"बोललो होतो, आणि ते खरं आहे. पण गाणं कुणाचं नाही, म्हणून गळाही कुणाचा नाही असं होत नाही." कायद्यात याला परफॉर्मर्स राइट म्हणतात. जुनं गाणं कोणीही गावं, पण एखादीने गायलेलं तिच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करून विकता येत नाही. "यांनी केस केली तर मला तुमच्या बाजूने बोलायला काही उरणार नाही," मी सांगितलं.

शेठने स्पीकरची वायर गुंडाळून ठेवली. मग कॉम्प्युटर पुढे ओढला आणि आमच्यासमोर तिन्ही स्ट्राइक मागे घेतले. वैशालीने चॅनल उघडून खात्री केली, मगच पाण्याला हात लावला.

"लेकिन गाना चल रहा है," शेठ हळूच म्हणाले. "बाई, स्टुडिओत येऊन गाणार का? नाव तुमचं टाकतो."

"गाईन. पन कुनाच्या घरचं? रिकाम्या मांडवात धवला गात नाय मी."

शेठ म्हणाले, "माझ्या घरचं गा. मुलीचं लग्न आहेच."

जुना ट्रॅक त्याच संध्याकाळी काढला. नवा पुढच्या आठवड्यात निघाला. आता मांडव मोहनशेठच्या दारात आहे आणि त्यांच्या साडूचंही नाव आहे. शेठ तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. मीही तेव्हापासून सहीचा कागद वाचण्याआधी ट्रॅक ऐकतो.

शेवटी शेठने दिलेली रक्कम पंचवीस हजार, नुकसानभरपाई आणि नव्या गाण्याचं मानधन मिळून. चेक तुळसाबाईंच्या नावाने. माझी फी शेठ 'लग्नानंतर बघू' म्हणालेत. पत्रिका मात्र आली आहे.