उत्पन्न बापाचं की नवऱ्याचं?

माझं लग्न झालं आणि सरकारच्या लेखी मी हवेत विरून गेले. अतिशयोक्ती नाही. असलीच तर चिमूटभर.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. ती मिळाली नाही तर फी भरण्याची ऐपत माहेरी नव्हती आणि सासरीही नव्हती, म्हणजे शिक्षण तिथंच बंद. त्यासाठी हवा उत्पन्नाचा दाखला. पण उत्पन्न कुणाचं? कॉलेजच्या क्लार्कबाई म्हणाल्या, "वडिलांचं." शेजारच्या खिडकीतले साहेब म्हणाले, "लग्न झालं ना? मग नवऱ्याचं." शिपाई म्हणाला, "सासऱ्याचं." झेरॉक्सवाला म्हणाला, "दोनों तरफ का लगा दो भाभी, सेफ रहेगा." आणखी थोडा वेळ तिथं उभी राहिले असते, तर पोटात नसलेल्या पोराचंही उत्पन्न मागितलं असतं.

गणेशपुरीजवळच्या आमच्या गावात बाबा तलाठ्याकडे गेले. तो म्हणाला, "पोर सासरी गेली, दाखला तिकडून." इकडे सासरी, भिवंडीच्या निजामपुऱ्यात विचारलं तर, "हिचं नाव तुमच्या रेशनकार्डावर कुठंय?" माहेरच्या कार्डावरून मी उतरले होते, सासरच्या कार्डावर चढले नव्हते. बहुधा वाटेतल्या अंबाडी नाक्यावरच कुठंतरी सांडले होते.

शेवटी इकडचे तलाठी भाऊसाहेब म्हणाले, घरी येऊन जबाब घेतो, सासरचं उत्पन्न धरू. आणि नेमके त्याच दिवशी बाबा रेशनकार्डावरून माझं नाव कापल्याचा कागद आणि पिशवीभर वाल घेऊन हजर झाले.

बाबांना ओट्यावर बघताच सासूबाईंचा चेहरा उतरला. का, ते कळायला लग्नाच्या बोलण्यांपर्यंत मागं जावं लागेल. बोलणी शुक्रवारी ठेवली होती. शुक्रवारी भिवंडीचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, कारखान्यात चिटपाखरू नसतं. सासरे ज्या शेठकडे आयुष्यभर ड्युटी करत आले, त्याच्याच कारखान्यात सासूबाईंनी बाबांना फिरवून आणलं होतं. "हे आठ आपलेच. आज सुट्टी आहे, नाहीतर तुम्हाला माझा शब्द ऐकू आला नसता." सासरे एका लूमवर हात ठेवून उभे होते, जसा काही तो त्यांनीच पाळण्यात घालून वाढवलाय. आणि निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलीला पुढं शिकवू."

आता समोर भाऊसाहेब, शेजारी व्याही. नवरा नि सासरे शिफ्टला.

"मावशी, घरात लूम वगैरे?"

सासूबाईंनी बाबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं.

"आठ."

मला ठसका लागला. भाऊसाहेबांनी लिहिलंसुद्धा. "आठ लूमवाल्यांच्या सुनेला शिष्यवृत्ती कशाला हो?"

मी गोंधळले. खरं बोलावं तर सासूची अब्रू जाते, गप्प बसावं तर माझं वर्ष जातं. मी वालाची पिशवी उगाचच उघडली, पुन्हा बांधली.

बाबा तंबाखू मळत होते. तेच बोलले. "विहीणबाई, त्या दिशी तुम्ही दोन गोष्टी बोलल्या. लूम हायत म्हनल्या, नि पोरीला शिकवू म्हनल्या. आता भाऊसाहेबांच्या कागदावर दोन्ही मावत न्हाय. कंची ठेवायची ती तुम्हीच सांगा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक? मी गावाकडचा मानूस. लूम बघितले, च्या घेतला, घरी गेलो."

त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला अजूनही उमगलेलं नाही. विचारलं की ते वालाचं पीक कसं आहे ते सांगतात.

सासूबाई पदर खोचून पुढं सरकल्या नि पुटपुटल्या, "खोडा ते."

"खाडाखोड चालत नाही, मावशी. नवा कागद घेतो. मोठ्यानं सांगा, काही ऐकू येत नाही." समोरच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी संपून सगळे लूम एकदम सुरू झाले होते. खटाखट, खटाखट, भिंतीवरचे देवसुद्धा हलत होते.

"लूम नाहीत!"

"किती म्हणालात?"

सासूबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि त्या ओरडल्या. तो आवाज कल्याणपर्यंत गेला असेल, निजामपुऱ्यात तर नक्कीच गेला. "आमचा एकही लूम नाही! सगळे शेठचे! आम्ही फक्त चालवतो! आणि सुनेला शिकवायचंय, लिहा लवकर!"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. भाऊसाहेबांनी मान खाली घालून लिहून घेतलं. पंच म्हणून सही कुणाची, असं विचारलं, तर बाबांनी तंबाखूचा हात धोतराला पुसला आणि पेन मागितलं.

"तुम्ही मुलीचे वडील. तुमची चालते की नाही, बघावं लागेल," भाऊसाहेब म्हणाले, आणि तेही गोंधळले.