समोरच्यांचं ड्रिल मशीन

दिल्लीत द्वारकेला आमच्या समोर राहणारे गृहस्थ विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं विकणाऱ्या परदेशी कंपनीत करार लिहायचे. कुणी कुणाला क्षेपणास्त्रं विकली यावरून दोन देश भांडले की यांचा चेहरा खुलायचा. "विकण्यात काही नाही हो! घेणारा ती तिसऱ्याला देतो ना, बिल्कुल तिथंच लफडं होतं."

पडदे लावायला मी त्यांच्याकडं ड्रिल मशीन मागितलं, तर माझ्याकडून चक्क लिहून घेतलं: तिसऱ्या माणसाला देणार नाही. वर दोनदा पाहणीला येऊन चहा ढोसून गेले.

तिसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा दारात तळमजल्यावरचे खन्नाजी. "भाईसाहब, सुना है मेरी ड्रिल आजकल आपके यहाँ है?"

मी करार काढून वाचला. त्यानुसार तिसरा माणूस म्हणजे खन्नाजीच.