ते पाणी कोणते

निवृत्त कमांडर विनायक देशकर गेल्याचे त्यांच्या मुलीने, मुक्ताने, मला दूरध्वनीवरून कळवले, तेव्हा सांत्वनाचा शब्द तोंडातून निघण्याआधी माझ्या मनात एक प्रश्न आला. जाताना ते काही बोलले का? प्रश्न मी विचारला नाही. मृत्यूची वार्ता ऐकताना प्रथम हेच सुचावे, याची मला नंतर लाज वाटली. त्याला आता पाच आठवडे झाले. अशा लेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगावेत अशी रीत आहे आणि ते मी सांगणारच आहे. परंतु या गृहस्थांकडे मी तीस वर्षांहून अधिक काळ संशयाने पाहिले, हे वगळून लिहिले तर ते असत्य होईल.

माझा धाकटा भाऊ श्रीधर नौदलात वैमानिक होता. कसबा पेठेतल्या आमच्या घरात सर्वांची दृष्टी पोथीवर. हा एकटाच आकाशाकडे पाहणारा निघाला. त्याची विमाने जहाजावरच्या आखूड पट्टीवरून धावत आणि पुढच्या चढावरून झेप घेत. परतताना मात्र ती जहाजाच्या डाव्या अंगाला हवेत स्थिर उभी राहत, मग आडवी सरकून डेकवर सरळ खाली येत. सुट्टीवर आला असता त्याने हे आईला ताटाकडेला वाटी धरून दाखवले होते. “म्हणजे घारीसारखंच की,” आई म्हणाली. “घार फुकट तरंगते गं,” तो म्हणाला, “आम्हाला फार जड पडतं ते.” ते किती जड पडते, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. पुढच्या वर्षी एका दुपारी तो तसाच जहाजाशेजारी हवेत उभा असताना त्याचे विमान समुद्रात कोसळले. विमान सापडले नाही, तोही सापडला नाही.

देशकर त्याचे वरिष्ठ. त्या दुपारी जहाजाच्या मनोऱ्यातून उतरणाऱ्या विमानांना सूचना देण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते पांढऱ्या गणवेशात आमच्याकडे आले, आईसमोर जमिनीवर बसले. आईने एवढेच विचारले, की शेवटी काही म्हणाला का तो? देशकर फरशीकडे पाहत म्हणाले, “पाणी म्हणाला.”

आईने तत्काळ मला तांब्या आणायला सांगितला. आपले लेकरू तहानलेले गेले, अथांग पाण्यावर पाणी मागत गेले, हे तिच्या मनाने घेतले ते कायमचे. श्रीधर अविवाहित, त्याचे सारे विधी माझ्याकडे आले. प्रतिवर्षी त्याच्या तिथीला शास्त्रोक्त तर्पण झाल्यावर आई मला आणखी तीन ओंजळी सोडायला लावी. मीही त्या सोडीत असे. परंतु त्याच दिवशी एक काटा माझ्या मनात रुतला होता. जिथे सारा व्यवहार इंग्रजीत चालतो, तिथे मरणाऱ्याने मराठीत पाणी कसे मागितले?

देशकर दरवर्षी तिथीला येऊ लागले. गोव्याहून आले, कोचीहून आले. निवृत्तीनंतर, मूळचे वर्ध्याकडचे असूनही, त्यांनी सहकारनगरात घर घेतले. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यातच सुनावले, “शास्त्रीबुवा, तुमच्याकडे श्राद्धाला कावळ्याच्या आधी कमांडर येतो.” मी हसलो नाही, कारण माझाही प्रश्न तोच होता. हा माणूस का येतो? त्यांनी आईचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू स्वतः नेऊन काढवून आणले. तिच्या अखेरच्या आजारात ते तासन्‌तास उशाशी बसत, जेवल्यावर स्वतःचे ताट स्वतः घासत. वाणीने सौम्य, वेळेचे पक्के, बडेजाव शून्य. एवढा सद्गुणी मनुष्य पाहून कोणाचाही आदर वाढावा. माझा संशय वाढे. त्यांच्या प्रत्येक उपकारामागे मला प्रायश्चित्त दिसे.

आई असेपर्यंत मी गप्प राहिलो. तिच्या तेराव्याची पाने उठल्यावर मात्र त्यांना आतल्या खोलीत नेऊन विचारले, की श्रीधर मराठीत बोलला होता का.

“नाही,” ते म्हणाले, जणू या प्रश्नाची ते वर्षानुवर्षे वाट पाहत होते. मग त्यांनी शांतपणे सांगितले. हवेत उभे राहताना विमानाचा सारा भार एकट्या इंजिनावर येतो आणि ते फार तापते. म्हणून त्यात पाणी फवारतात, तेव्हा त्याला बळ मिळते. पाण्याची ती टाकी जेमतेम दीड मिनिट पुरते. संपत आली की दिवा लागतो आणि वैमानिक इंग्रजीत ‘पाणी’ एवढा एकच शब्द कळवतो. “तहान नव्हती, शास्त्रीबुवा. इंजिनाचं पाणी होतं ते.”

“आईला का नाही सांगितलंत?”

“सांगणारच होतो. पण त्यांनी तुम्हाला तांब्या आणायला सांगितला... मग धीर झाला नाही.”

“आणि त्यानं पाणी म्हटल्यावर तुम्ही काय म्हणालात?”

बाहेर भांडी आवरल्याचा आवाज येत होता. 

“थांब म्हणालो.”

उतरण्याच्या जागी आधीचे विमान ओढणारी गाडी अडकली होती आणि तिच्याभोवती चार खलाशी होते. गाडी आत्ता हलेल असे देशकरांना वाटले. ती हलली, पण उशिरा. चौकशीत तो उशीर अकरा सेकंदांचा ठरला. श्रीधर आसनासह बाहेर पडू शकला असता. पण ते जहाजावर पडू नये म्हणून तो विमान दूर नेत राहिला, असे अहवालात लिहिले होते. दोष कोणाचाच नाही, असेही लिहिले होते. तो अहवाल मी पाहू शकतो का, असे विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. “माणसं आमची, चौकशी आमची. तुम्ही संशय घेतलात तर मी रागावणार नाही.”

मी संशय घेतलाच. चार खलाशी खरोखर तिथे होते, की नंतर कागदावर आले? क्षमा करण्याचा शब्द मी उच्चारला नाही आणि त्यांनी मागितला नाही. पुढेही ते प्रत्येक तिथीला आले. ते पाणी कोणते हे कळल्यावरही मी आईच्या तीन ओंजळी सोडत राहिलो, आणि मी त्या का सोडतो, हे त्यांनी एकदाही विचारले नाही.

गेल्या आठवड्यात श्रीधरची तिथी झाली. आप्तांबरोबर स्नेह्यांनाही पाणी देता येते, म्हणून आदल्या दिवशी मी मुक्ताला फोन करून गोत्र विचारले. ती हिंजवडीत कामावर होती. “गोत्र? काका, आईला विचारून सांगते.” थोड्या वेळाने तिचा फोन आला. “आईलाही ठाऊक नाहीये. बाबा काही मानायचेच नाहीत हो. घरी देवाला नमस्कारसुद्धा नाही. तुमच्याकडे तेवढं न चुकता यायचे.”

गोत्र अज्ञात असेल तेव्हा काश्यप म्हणावे असा शास्त्रसंकेत आहे. श्रीधरचे तर्पण झाले, आईच्या तीन ओंजळी झाल्या. मग मी ओंजळ पुन्हा भरली आणि ‘काश्यपगोत्र’ म्हणून अडलो. समोर भिंतीशी त्यांचा पाट मांडलेला होता, सवयीने. या माणसाला पाणी द्यावे का? ते चार खलाशी खरे होते का?... निर्णय होईना, म्हणून मी खाली पाहिले, तर ओंजळ रिकामी होती. पाणी बोटांच्या फटींतून केव्हाच निघून गेले होते. तळहाताला फक्त काळे तीळ चिकटले होते.

संशय फिटलेला नाही. मी तांब्यातून पुन्हा पाणी घेतले. त्या दुपारी त्या दोघांना ते पुन्हा घेता आले नव्हते. मला घेता आले.