भुयारातला देव

दिनकर गेल्याचं कळलं तेव्हा मी राजारामपुरीत दाढी करून घेत होतो. न्हावी म्हणाला, "तुमचा छापखान्यातला दोस्त पहाटं गेला म्हणं." अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो... आता महिना होईल. दुःख आहेच, पण आधी वर येते ती किळस.

साठ-पासष्ट सालच्या सुमारास मालगाड्यांच्या रुळांखालून माणसांना जायला भुयार झालं. दिनकरचं घर पलीकडं, छापखाना अलीकडं शाहूपुरीत. वर्षभर सगळे कौतुकानं त्यातून चालले. मग तंबाखूच्या पिचकाऱ्या सुरू झाल्या, मग सरळ मुतारीच झाली. बायका नाक दाबून जायच्या, पुढं त्या रूळच ओलांडू लागल्या. एका मोळीवालीचा पाय मालगाडीच्या डब्याखाली गेला. त्यानंतर दिनकरनं, ज्यानं जन्मात कुठं हात जोडले नाहीत त्यानं, दत्ताचं चित्र असलेली टाइल आणून भुयाराच्या कोपऱ्यात सिमेंटनं बसवली. म्हणाला, "लोक माणसाला न्हाय, ह्येला भित्यात." आठवड्यात भिंत कोरडी. आम्ही चहा पीत पोटभर हसलो.

पण टाइलला हार आला, समई आली, कठडा आला, चपला बाहेर काढायची पाटी आली. वाट देवळानं गिळली. पुढं एक मंडळ निघालं आणि त्यानं दोन्ही तोंडांना लोखंडी दारं बसवली. पलीकडचं कायमचं बंद, अलीकडचं आरतीपुरतं उघडं. बायका पुन्हा रुळांवर. दिनकर छन्नी घेऊन टाइल काढायला गेला, तर मंडळाच्या लोकांनी धर्मबुडव्या म्हणत त्याला धक्के मारून हाकललं. "गाढवपणा माझाच की रं," तो मरेपर्यंत म्हणायचा. आणि मी? ये म्हणाला होता, तरी त्या दिवशी घरात बसून राहिलो. त्या मंडळींइतकीच मला माझीही शिसारी येते.

तेराव्यानंतर त्याच मंडळानं भुयारात त्याचा फोटो लावला. खाली लिहिलं, 'मंदिराचे संस्थापक'. भाषणं झाली. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दिनकरची बायको, पार्वतीवहिनी, उठल्या. खुर्चीवर चढून त्यांनी फोटो उतरवला, हार काढून खाली ठेवला.

"हितनं लोकांनी चालावं म्हणून भांडला ह्यो. टांगून घ्यायला न्हवं."

पलीकडच्या दाराला कुलूप होतं. वहिनी आल्या वाटेनं बाहेर पडल्या, फोटो पदराखाली घेतला, आणि दोन्हीकडं बघत रूळ ओलांडून घरी गेल्या.