लाल दोऱ्याचं रीळ

यशवंत गेल्याचा निरोप आमच्या उल्हासनगरच्या चाळीखालच्या सिंधी दुकानदाराकडे फोनवर आला. मी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावलो. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, तुमचे मित्र गेले." मला आयुष्यभर प्रत्येक वाक्यावर काहीतरी चावट सुचत आलं, त्या दिवशी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. दुकानदाराने रिसीव्हरला लागलेला साबण पुसून घेतला...

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही दोघं अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात लागलो. तो टाकीवर, मी पॅकिंगला. टाकीत सायकलची हँडलं बुडायची आणि वर पिवळट वाफ चढायची. ती नाकात जाऊन जाऊन आत खपल्या धरायच्या, रक्त यायचं, आणि एके दिवशी नाकाचा मधला पडदाच आरपार व्हायचा. मग दुखायचं थांबे. टाकीवाले त्याला 'परमनंट होणं' म्हणत. असा परमनंट माणूस लाल दोरा एका नाकपुडीत घालून दुसरीतून काढून दाखवी आणि नव्या लोकांनी त्याला चहा पाजायचा. यशवंत यातला उस्ताद. दोरा ओढून झाला की अगदी गंभीरपणे मला म्हणायचा, "तू अजून टेम्पररीच, लेका." मला इतकं झोंबलं की एकदा जेवणाच्या सुट्टीत मीही माझ्या धडधाकट नाकात दोरा कोंबला. मग जी शिंक आली, तिच्यात माझा डबा गेला आणि समोर बसलेल्या फोरमनचा शर्टही.

त्यामुळे नव्वद सालानंतर यशवंतच्या थुंकीत रक्त दिसू लागलं, तेव्हा आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, नाकाचंच असणार. तोही तेच म्हणाला. मुंबईच्या डॉक्टरांनी छातीची एक्स-रे फिल्म उजेडाला धरली तेव्हा कळलं, रक्त फुप्फुसातून येत होतं.

"गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि तिने स्वतःसाठी रक्तवाहिन्यांचं जाळं वाढवून घेतलंय. कापताना फार रक्त जाईल."

"म्हणजे नळाची चोरून जोडणी," यशवंत म्हणाला. "क्रोममुळे?"

"क्रोमच्या वाफेने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे माहीत आहे. अशा धातूंमुळे गाठीच्या रक्तवाहिन्याही जोमाने वाढतात का, यावर अभ्यास चाललाय. तुमच्या गाठीबद्दल मी छातीठोक सांगू शकत नाही."

रक्त द्यायला टाकीवरचे चौघे आले. डॉक्टरांनी सहज एकाला मान वर करायला सांगितली आणि एका नाकपुडीला टॉर्च लावला. उजेड दुसऱ्या बाजूने बाहेर आला. चौघांच्याही. आमचे लोक कौतुकाने हसले. सगळ्यांत जुना गोपाळ म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दोरा असता तर दाखवलं असतं." डॉक्टर हसले नाहीत. "सगळ्यांनी छातीची फिल्म काढून घ्या," म्हणाले. कोणी ऐकलं नाही. फिल्ममध्ये काही निघालं तर टाकी सुटणार, ही भीती सगळ्यांना.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाकावर बसून होतो. आतून पुन्हापुन्हा रक्ताची बाटली मागवत होते. माझी सवय अशी की घाबरलो की विनोद करतो. दोन केले, वहिनींनी ऐकूनही घेतले, मग मी आत जाणाऱ्या बाटल्या मोजू लागलो. शेवटी डॉक्टर आले. म्हणाले, एक रक्तवाहिनी बांधावी तर शेजारची फुटत होती... गाठ आतच ठेवून छाती शिवावी लागली.

त्यानंतर यशवंत काही महिने काढू शकला. शेवटच्या भेटीत धापा टाकत म्हणाला, "त्या चौघांना फिल्म काढायला लाव. तू बडबड्या आहेस, तुझं ऐकतील." मी खूप बडबडलो. कोणी ऐकलं नाही.

दिवसकार्यानंतर मी अंबरनाथ पश्चिमेला त्याच्या घरी गेलो. वहिनी त्याच्या पिशवीतलं लाल दोऱ्याचं रीळ हातात घेऊन बसल्या होत्या. "हे कारखान्यात कशाला नेत होते हो? शर्टाचं बटण तर मलाच लावायला लागायचं." मी खरं ते सांगितलं. त्यांनी रीळ माझ्या हातावर ठेवलं. "घरात नको."

परवा टाकीवर नवा माणूस आला. चहाच्या सुट्टीत गोपाळने मला हाक मारली, "अरे, यशवंतचं रीळ तुझ्याकडे आहे ना? आण."

"संपलं," मी म्हणालो. रीळ माझ्या खिशात होतं.

गोपाळने माझ्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. नवा माणूस आत गेल्यावर तो जवळ आला, आवाज खाली करून म्हणाला, "तो टॉर्चवाला डॉक्टर कोणत्या वारी बसतो रे?"