छातीवर बसणारा पाहुणा

टेलरकाकूंनी उतारवयात घरात एक पुरुष ठेवलाय, ही बातमी आमच्या गल्लीत दुधाच्याही आधी पोचली. काळा कोट घालतो, पहाटे येतो, उजाडायच्या आत पसार होतो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने ती शपथेवर सांगितली आणि पुढे ज्याने त्याने आपापलं तिखटमीठ लावलं.

कोट होता, पहाटेची वेळही खरी. पुरुष मात्र नव्हता. सगळा घोटाळा ‘बसतो’ या एका शब्दाने केला.

झालं असं, की शिवलेले कपडे इस्त्रीला देताना काकू डोळे चोळत म्हणाल्या, “झोपच नाही रे. तो काळा येतो आणि छातीवर बसतो.”

इस्त्रीवाल्याचा जन्म कपड्यांत गेलेला. तो म्हणाला, “छातीवर नीट बसतो ना? मग खांद्यात जरा सैल सोडा, कोट झकास होईल.”

“कोट नव्हे रे मेल्या, माणूस!”

यातला ‘माणूस’ तेवढा त्याने उचलला आणि गल्लीभर वाटला.

नवरा गेल्यापासून काकू एकट्याच राहायच्या. एक खोली, त्यात पलंग, कपाट आणि खिडकीशी पायाने चालवायची शिलाई मशीन. अलीकडे झोपेतून डोळे उघडायचे, पण अंग हलायचं नाही. कपाटाशी एक काळी आकृती उभी असायची. नाक नाही, डोळे नाहीत. ती जवळ यायची आणि सरळ छातीवर बसायची. पहिल्या खेपेला काकूंची बोबडीच वळली. शेजारणींनी निदान केलं, की तो कपडे बेतायचा पुतळा असणार. काकूंनी पुतळा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. पाहुणा तरीही आला. डॉक्टर म्हणाले, “डोळे आधी जागे होतात, अंग मागे राहतं. पुष्कळांना होतं. कुशीवर झोपत जा.” काकू कुशीवर झोपू लागल्या. फेऱ्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

मग मात्र काकू भडकल्या. आपल्याच पलंगावर आपणच घाबरून पडायचं? पुढच्या खेपेला तो बसला, तेव्हा त्यांनी त्याचा कोट निरखून पाहिला. बाह्या लांब, खांदे लोंबलेले. ‘कुठल्या गाढवाने शिवलाय हा?’ असं विचारायचं होतं, पण तोंड उघडेना. तोंड नाही तर नाही, पाय तर होता! जन्मभर मशीन चालवलेला पाय. त्यांनी मनातल्या मनात पायडल दाबलं. अंगठा हलला, आणि पाहुणा विरघळला. तेव्हापासून त्याला घालवायची हीच रीत.

बातमी मुलाच्या कानावर गेली, तसा तो बायकोला आणि रिकाम्या खोक्यांना घेऊन भरदुपारी हजर झाला.

“आई, लोक काय काय बोलतायत!”

“पुरुषबिरुष कुणी नाही रे. भास होतो.”

“भास? मग तर तुला एकटीला ठेवणारच नाही!”

म्हणजे पुरुष असता तर अब्रू गेली, नसला तर डोकं गेलं. खोकी दोन्हीकडून भरायचीच.

बेत ठरवूनच आले होते. काकूंनी मुलाकडे जायचं. तिथे मशीनला जागा नाही, म्हणून ती विकून टाकायची. आणि खोली ओस पडू नये म्हणून सूनबाईच्या भावाने इथे बिऱ्हाड थाटायचं.

“त्याचं दुसरीकडे जमेपर्यंतच हो, आई,” सूनबाई गोड आवाजात म्हणाल्या.

“आणि मी तिथे काय करू?”

“काही म्हणजे काही करायचं नाही. आराम!”

मुलगा मशीन उचलायला पुढे झाला आणि खिडकीत उभा राहिला. उजेड पाठीमागून, त्यामुळे त्याचं तोंडच दिसेना. नुसती काळी आकृती. क्षणभर काकूंचं अंग तसंच जड झालं. मग त्यांनी स्टूल ओढलं, पाय पायडलवर ठेवला आणि दाबला. मशीन खडखडली. मुलाने दचकून हात मागे घेतला.

“बाजूला हो. उजेड अडवतोयस.”

“आई, हट्ट करू नकोस. रात्री तो पुन्हा छातीवर बसला तर?”

काकूंनी दाताने दोरा तोडला आणि त्या म्हणाल्या, “बसू दे. तो निदान सकाळी उठून जातो. तुम्ही एकदा बसलात की उठायचं नाव घेणार नाही.”